मार्क बघून ‘अगास्ट’ झालो, आता बहीण बोलेना

दर महिन्याला या पानावर पाच-सहा वेगवेगळे शब्द घेतो, पण या वेळी एकाच शब्दाने, इंग्रजीतल्या अगास्टने (aghast), सगळी जागा खाल्लीय. झालं असं की इचलकरंजीहून एका मामांचा मेसेज आला, तो वाचून मी आधी हसले, मग वाईट वाटलं, मग आठवलं की याच शब्दावरचे अजून चार-पाच प्रश्न कधीचे पडून आहेत. म्हटलं आता सगळे एकदमच काढू.

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या भाचीला दहावीला ९४.२० टक्के पडले. फॅमिली ग्रुपवर सगळे काँग्रॅट्स काँग्रॅट्स टाकत होते, म्हटलं आपण जरा वेगळं लिहू. मोबाईलवर डिक्शनरी आहे, त्यात आश्चर्यचकितच्या खाली अगास्ट असा शब्द मिळाला. मी टाकलं, ‘अगास्ट अॅट युवर मार्क्स. गॉड ब्लेस यू.’ दहा मिनिटांत दाजींचा फोन, ‘का हो, पोरीला चार मार्क पडलेले बघवंनात का तुम्हाला?’ बहीण तर दोन दिवस झाले बोलेना. माझं चुकलं काय? शब्द तर डिक्शनरीतलाच आहे की. (एक मामा, इचलकरंजी)

उत्तर : मामा, दाजी चिडले ते बरोबरच आहे, आणि तुमच्या मनात काही नव्हतं हेही बरोबर आहे. घोळ त्या डिक्शनरीने घातला. अगास्टमध्ये आश्चर्य असतं, नाही असं नाही, पण कडू काढ्यात पाणी असतं तसं असतं, म्हणून काढ्याला कुणी पाणी म्हणत नाही ना.

अगास्ट होणं म्हणजे काहीतरी भयानक नाहीतर फार चुकीचं, घडायलाच नको होतं असं काही डोळ्यासमोर आलं आणि माणूस जागच्या जागी थिजला. त्यात धक्का आहे, भीती किंवा किळस आहे, आणि ‘अरे देवा, हे असं कसं’ ही नापसंती पण आहे. आता तुम्ही भाचीचे मार्क बघून अगास्ट झालात म्हणजे इंग्रजी जाणणाऱ्याला काय ऐकू आलं, तर ‘तुझे मार्क बघून माझं काळीज हललं, असं व्हायला नको होतं, देव तुझं भलं करो.’ त्यात ते गॉड ब्लेस यू तर अजूनच वाईट बसलं हो, श्रद्धांजलीसारखं वाटायला लागलं.

एक प्रसंग सांगते म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा लाइटबिल आलं १८,४०० रुपये. दोन खोल्यांचं घर, दोन पंखे, एक फ्रिज, एसी नाही काही नाही. मी भाजी घेऊन वर येत होते तर काकू जिन्यात उभ्या, एका हातात बिल, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, ती पिशवी कोपऱ्यातून गळतेय आणि दूध पायरीवरून खाली चाललंय, काकूंचा चष्मा कपाळावर, तोंड उघडं, आणि आवाज काही नाही. मी ‘काय झालं काकू’ म्हटलं तरी उत्तर नाही. ही जी अर्धी मिनिट काकू तशा उभ्या होत्या ना, तेव्हा त्या अगास्ट होत्या. पुढे त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो राग, त्याला अगास्ट म्हणायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की रीडिंग घेताना एक आकडा जास्त पडला होता, तेव्हा जे वाटलं ते हायसं. अगास्ट फक्त मधली ती अर्धी मिनिट, दूध गळतंय तेवढी.

समजा त्याच जिन्यात काकूंना लॉटरीचा फोन आला असता, आणि चष्मा कपाळावर, तोंड उघडं, पिशवी गळतेय सगळं तसंच असतं, तरीही तिथं अगास्ट चालला नसता. तिथं अॅस्टॉनिश्ड चालेल, अमेझ्ड चालेल, दोन्ही चांगल्या गोष्टीलाही लागतात आणि वाईटालाही. अगास्टला चांगली गोष्ट चालतच नाही.

तुम्ही एकटेच फसलात असं समजू नका. मी भाषांतराची कामं घेते, पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. एका गोष्टीत गावातलं घर रात्री जळून खाक होतं आणि सकाळी गावकरी येऊन बघतात, मूळ वाक्य होतं ‘द व्हिलेजर्स स्टुड अगास्ट’. मी बिनधास्त लिहिलं, ‘गावकरी आश्चर्यचकित होऊन उभे होते.’ संपादक बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘अगं, ते काय सर्कस बघायला आले होते का?’ आजही आश्चर्यचकित हा शब्द टाइप करताना माझा हात एकदा थांबतो. मग ते वाक्य मी ‘गावकरी थिजल्यासारखे उभे राहिले’ असं केलं. त्यात आश्चर्य शब्द कुठेच नाही, भीतीही नाही, पण चित्र बरोबर आलं.

आता बहिणीचं कसं करायचं. ग्रुपवर सारवासारव करायला जाऊ नका, अजून एखादा इंग्रजी शब्द घुसेल. सरळ पेढे घेऊन घरी जा. आणि पुढच्या वेळी इंग्रजीतच लिहायची हौस असेल तर ‘सो प्राउड ऑफ यू’ एवढं लिहा, त्यात सगळं येतं. सरप्राइज्ड तर मुळीच लिहू नका, कारण ‘तुझे मार्क बघून सरप्राइज झालो’ म्हणजे ‘कसे काय पडले एवढे?’ असा वास त्याला मराठीतही येतो.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. मुलं अघास्ट म्हणतात, मीही आतापर्यंत तसंच म्हणत आलो. यूट्यूबवर ऐकलं तर कुणी अगास्ट म्हणतंय, कुणी अगॅस्ट. एच आहे तर त्याचा उच्चार का नाही? (शिक्षक, परभणी)

उत्तर : सर, हा प्रश्न मला फार आवडला कारण इथं चूक आपली नाही, आपल्या कानाची सवय तशी आहे. आपल्याकडे जी आणि एच एकत्र आले की घ. घाटकोपर लिहा, घी लिहा, घाट लिहा, जी-एचच लागतो आणि तिथं तो खराखुरा घ आहे कारण ते शब्दच आपले. म्हणून आपण घोस्ट म्हणतो, मुलांच्या कॉमिक्सवरही देवनागरीत घोस्टच छापतात. इंग्रजी माणसाच्या तोंडात मात्र तो गोस्ट आहे, तसाच अगास्ट, एच नुसता शोभेला. ब्रिटिश लोक गा लांबवतात, अगास्ट. अमेरिकन लोक अगॅस्ट म्हणतात. दोन्ही बरोबर, फक्त घ नको. जोर दुसऱ्या भागावर, पहिला अ अगदी हलका.

आणि मी घोस्टचं उदाहरण उगाच नाही दिलं. या शब्दाच्या पोटात भूतच बसलंय.

जुन्या इंग्रजीत गास्ट म्हणजे आत्मा, जीव, आणि मग त्यावरून भूतपिशाच्च. ख्रिस्ती प्रार्थनेत जो होली गोस्ट आहे, ज्याला मराठीत पवित्र आत्मा म्हणतात, तो या जुन्या अर्थाचा, तिथं भुताचा काही संबंध नाही. जर्मन भाषेत तोच शब्द गाइस्ट झाला, पेपरातल्या लेखांत कधीकधी झाइटगाइस्ट येतो ना, काळाचा आत्मा, त्यातला. तर या गास्टच्या घरातलंच एक क्रियापद होतं, घाबरवणे, छळणे अशा अर्थाचं. ते पुढे गास्ट, अगास्ट असं वापरात होतं, म्हणजे ‘त्याने मला अगास्ट केलं’ असं तेव्हा म्हणता यायचं. शेक्सपियरच्या किंग लिअर नाटकात एक जण सांगतो की माझ्या आवाजाने गास्टेड होऊन तो पळाला, म्हणजे घाबरून पळाला. पुढे क्रियापद गेलं आणि मागे फक्त त्याचं ‘झालेला’ हे रूप उरलं. आपण आज वापरतो तो अगास्ट म्हणजे ते उरलेलं शेपूट.

म्हणून मी मुलांना हा शब्द शिकवताना भयचकित वगैरे सांगत नाही, ‘भूत बघितल्यासारखा’ एवढंच सांगते. आपल्याकडे हे सरळ बोलण्यात आहे, ‘काय रे, भूत बघितल्यासारखा का उभा आहेस?’ शब्दाशब्दाने तोच अर्थ, आणि मुलं परत विसरत नाहीत.

मग एच कुठून आला? त्याचाही किस्सा आहे. इंग्लंडमध्ये पहिला छापखाना विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला टाकला. त्याआधी तो कितीतरी वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात होता, तिथं फ्लेमिश भाषा, तिच्यात भुताच्या शब्दाला जी-एच लावायची पद्धत. ती पद्धत कॅक्स्टनच्या छापखान्यातून इंग्रजी पुस्तकांत उतरली. त्या काळी गूज म्हणजे हंसालाही कधी जी-एच लागलेला दिसतो, पण हंसाचा एच पुढे गळून पडला, भुताचा चिकटून बसला. भुताचंच ते, सुटतंय कशाला. अगास्टला मात्र तो लगेच नाही चिकटला, मिल्टनचं पॅराडाइज लॉस्ट हे महाकाव्य १६६७ साली छापलं गेलं त्यात हा शब्द एच नसलेला आहे. नंतर लोकांना गोस्ट आणि गास्टली (भयानक) यांच्याशी नातं दिसायला लागलं तसा एच पक्का झाला. म्हणजे सर, तुमच्या वर्गातली मुलं ज्या एचला अडखळतात तो एका छापखान्यातल्या सवयीचा आहे, उच्चारात तो कधी नव्हताच.

प्रश्न : मॅम मी बँकिंग आणि एमपीएससी दोन्हीची तयारी करतेय, क्लासच्या टेस्टमध्ये एरर स्पॉटिंगला दोन वाक्यं होती. एकात ‘दि अगास्ट पीपल रॅन’ आणि दुसऱ्यात ‘शी वॉज अगास्टेड बाय द न्यूज’. मी दोन्ही करेक्ट मार्क केली, दोन्ही चुकली. सर म्हणाले पाठ कर, कारण नाही सांगितलं. (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : कारण वर अर्धं आलंच आहे. क्रियापद मेलं, उरलं ते त्याचं ‘झालेला’ रूप, मग त्याला अजून एकदा ईडी (-ed) कसा लावणार? अगास्ट म्हणजेच ‘थिजलेली’, तिला परत थिजलेलीलेली कोण म्हणेल. म्हणून अगास्टेड नाही आणि अगास्टिंगही नाही. एखाद्या बातमीने तुला तसं केलं असं सांगायचंय तर ‘द न्यूज हॉरिफाइड हर’ किंवा ‘अपॉल्ड हर’ असं दुसरं क्रियापद घ्यावं लागतं.

आता पहिलं वाक्य. इंग्रजीत अ ने सुरू होणाऱ्या विशेषणांचं एक टोळकं आहे, अस्लीप, अवेक, अफ्रेड, अलाइव्ह, अलोन, अशेम्ड, त्यातलाच हा अगास्ट. ही मंडळी नामाच्या आधी उभी राहत नाहीत, क्रियापदाच्या नंतर बसतात. ‘द बेबी इज अस्लीप’ चालतं, ‘अॅन अस्लीप बेबी’ नाही चालत, तिथं स्लीपिंग बेबी लागतं. तसंच ‘द पीपल वेअर अगास्ट’, ‘दे लुक्ड अगास्ट’, ‘स्टुड अगास्ट’, ‘स्टेअर्ड अगास्ट’. कधीकधी कुणी लेखक ‘अगास्ट फेस’ लिहून जातो, वाचायला मिळेल तुला, पण परीक्षेत लेखकाची सवलत नसते. शिवाय त्या वाक्यात अजून एक गंमत आहे, अगास्ट माणूस पळेल कसा? तो थिजलाय. आधी भान येईल मग पळेल.

पुढे कोणता शब्द लावायचा, तर अॅट. ‘अगास्ट अॅट द बिल’, ‘अगास्ट अॅट हिज लँग्वेज’. बाय लावायचा मोह होतो कारण आपल्या डोक्यात ‘च्यामुळे’ असतं. पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर दॅट, ‘शी वॉज अगास्ट दॅट ही हॅड सोल्ड द लँड’. आणि व्हेरी अगास्ट लिहू नकोस, हा शब्द आधीच टोकावर बसलाय, त्याला अजून ढकलायचं तर अॅब्सोल्यूटली. आपण ‘खूप गर्भगळीत’ म्हणतो का? गर्भ गळायचा तो गळला, त्यात खूप काय आणि थोडा काय.

प्रश्न : फ्लॅबरगास्टेड म्हणजे अगास्टचाच मोठा भाऊ का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नात्यातला असावा असं बरेच जण धरतात, शेवटी गास्ट दिसतोय ना. पण तो नेमका आला कुठून याचा पत्ता भाषावाल्यांनाही लागलेला नाही. एवढं नक्की की लंडनच्या अॅन्युअल रजिस्टर या वार्षिकात १७७२ साली तो फॅशनमधला नवा शब्द म्हणून येतो, बोअर्ड या शब्दाच्या जोडीने. म्हणजे आजची पोरं ज्या दोन गोष्टी सारखी होत असतात, बोअर आणि शॉक, त्या दोन्हींचे शब्द अडीचशे वर्षांपूर्वीचे लोकही असेच उठसूट वापरत होते आणि कुणीतरी त्यावर कुरकुरत होतं.

स्वभावाने मात्र दोघं वेगळे. फ्लॅबरगास्टेडमध्ये भीती नाही, त्यात ततपप आहे, बावळटपणा आहे, हसू आलं तरी चालतं. सासूबाईंनी अचानक स्कूटी चालवत येऊन दारात ब्रेक मारला तर सून फ्लॅबरगास्टेड. त्याच स्कूटीवरून चार पेट्या फटाके आणि पेटता कंदील घेऊन आल्या तर सून अगास्ट.

प्रश्न : ताई, शॉक्ड, हॉरिफाइड, अपॉल्ड, अॅस्टॉनिश्ड, पेट्रिफाइड, इंग्रजीत इतके शब्द कशाला? आपल्याकडे एक धक्का बसला की काम झालं. (निवृत्त तलाठी, सातारा जिल्हा)

उत्तर : आण्णा, हे मात्र मला पटलेलं नाही. आपल्याकडे एक धक्का बसला की काम झालं? तुम्ही तलाठी होतात, सात-बारावर दुसऱ्याचं नाव चढलेलं बघून माणसाचं काय काय होतं ते तुम्ही टेबलाच्या पलीकडून बघितलंय. कुणाच्या तोंडचं पाणी पळालं, कुणाच्या पायाखालची जमीन सरकली (आणि ती खरोखरच सरकलेली असायची), कुणाच्या पोटात गोळा आला, कुणाची बोबडी वळली, कुणाची दातखिळी बसली, कुणी पांढराफटक पडला, कुणी नुसता आ वासून बसला. हे काय एक झालं? आपण शब्द कमी वापरतो कारण टीव्हीवर दिवसभर ‘मोठा धक्का’ चाललेला असतो, पक्ष बदलला मोठा धक्का, भाव वाढला मोठा धक्का, ऐकून ऐकून आता धक्का बसायचाच बंद झालाय.

आणि खरी मजा इथंच आहे. इंग्रजीचे हे सगळे शब्द उघडून बघितले की आत आपलेच वाक्प्रचार निघतात. अपॉल्डच्या मुळाशी फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ फिकट पडणे, फिकट म्हणजे जो इंग्रजी पेल (pale), तोच यात आहे. म्हणजे पांढराफटक पडला. पुढे त्यात भीतीपेक्षा संताप जास्त भरला, आज ‘आय अॅम अपॉल्ड’ म्हणणारा माणूस सहसा घाबरलेला नसतो, तक्रार लिहायच्या तयारीत असतो. अॅस्टॉनिशच्या मुळाशी ढगांचा गडगडाट आहे, लॅटिनमधला, म्हणजे डोक्यावर वीज कोसळली. स्टन पण त्याच घरातला. (स्टन आणि आपलं सुन्न सारखे ऐकू येतात म्हणून मी एकेकाळी खूश झाले होते की सापडलं नातं, पण नाही, सुन्न आपल्या शून्यावरून आलाय. असले दिसायला सारखे शब्द भाषांतरवाल्यांना जत्रेत हरवलेले भाऊ वाटतात.) पेट्रिफाइडमध्ये दगड आहे, आपलं स्तंभित घ्या, त्यात खांब आहे. दगड झाला काय आणि खांब झाला काय, हलायचा बंद झाला. अवाक म्हणजे वाचा गेलेला, तसा तिकडे डम्फाउंडेड, त्यातला डम म्हणजे मुका.

सगळ्यात भारी हॉरर. त्याचं मूळ लॅटिन क्रियापद म्हणजे केस ताठ उभे राहणे, अंगावर काटा येणे. आणि त्या लॅटिन शब्दाचा संस्कृतमधला सख्खा नातेवाईक कोण, तर आपला हर्ष! खरंच. संस्कृतात त्या धातूचा जुना अर्थ हाच, केस उभे राहणे, मग ते भीतीने असो नाही तर आनंदाने. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो की माझ्या शरीराला कंप सुटलाय आणि रोमहर्ष होतोय, तेव्हा त्याला काय आनंद झालेला नव्हता, समोर आजोबा आणि गुरू उभे होते मारायला. तोच काटा, इंग्रजीत जाऊन फक्त भीतीचा झाला आणि मराठीत येऊन हर्ष फक्त आनंदाचा झाला. आपला पेपर लिहितो ‘भारताचा रोमहर्षक विजय’, तिकडे ‘हॉरिबल मॅच’ म्हटलं की हरले. एकाच आईची दोन पोरं, एक लग्नात नाचतंय आणि एक स्मशानात बसलंय.

शॉकचं पण सांगून टाकते, कारण तो आता मराठीच झालाय. त्याचा जुना अर्थ दोन सैन्यं एकमेकांवर आदळणे. आपण तो घेतला आणि घेतल्यावर त्याची बरोबर वाटणी केली. ‘शॉक लागला’ म्हणजे वायरला हात लागला, ‘शॉक बसला’ म्हणजे बातमी कळली. हे कुणी व्याकरणात लिहून नाही ठेवलं, पण आपल्याकडचं शेंबडं पोरगंही चुकत नाही.

प्रश्न : मी कोर्टाची आणि इतर कागदपत्रं मराठीत करते. अगास्टला कोशात भयचकित, भयाकुल असं मिळतं. हे कुणी बोलत नाही. एक नीट शब्द सांगा ना. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : एक नाही मिळणार हो, आणि शोधूही नये असं माझं मत. भयाकुल तर चूकच आहे, त्यात माणूस घाबरून तळमळतोय, अगास्टमध्ये तो हलत नाही. मी काय करते, तर वाक्यात कुणी काय बघितलं ते बघते. प्रेत, आग, अपघात असं काही असेल तर ‘थिजला’ नाहीतर ‘गर्भगळीत झाला’. बिल, दर, नुकसान असेल तर ‘हबकला’ किंवा ‘डोळे पांढरे झाले’. कुणी भर सभेत घाण बोललं आणि ऐकणारे अगास्ट झाले, तर तिथं भीती नाहीच, तिथं ‘सगळे सुन्न झाले’. कोर्टाच्या कागदात वाक्प्रचार नको वाटत असेल तर ‘हादरून गेले’ हा सगळ्यात बिनधोक, सगळीकडे जातो, कुणी हरकत घेत नाही. पण अगास्टमधली ती नापसंती हादरण्यात थोडी सुटते, ती पुढच्या वाक्यात कुठेतरी येऊ द्या.

फक्त थक्क नको. थक्कला मराठीत आता कौतुकाचा वास लागलाय, ‘त्यांचं काम बघून थक्क झालो’. तिथं मग इचलकरंजीच्या मामांसारखं होईल, पण उलट्या बाजूने.

प्रश्न : भयंकर जसं चांगल्यासाठीही वापरतात, ‘भयंकर आवडलं’, तसा अगास्ट का नाही वापरत? (अकरावीतला विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : चांगला प्रश्न रे. भयंकरचं झालं तसं इंग्रजीत टेरिफिकचं झालंय, आधी भीतीदायक, आता मस्त. ऑफुलीचंही तसंच, ‘ऑफुली नाइस’. पण हे सगळे शब्द वस्तूला लागतात, सिनेमा भयंकर, गाणं भयंकर, आणि रोज तोंडात बसून बसून ते झिजले. अगास्ट माणसाला लागतो, वस्तूला नाही. सिनेमा अगास्ट नसतो, सिनेमा बघणारा असतो. आणि तो रोजच्या बोलण्यातला नाही, जरा पुस्तकी, पेपरी आहे, म्हणून झिजला नाही. मला तरी असं वाटतं.

प्रश्न : मी सध्या मुलीकडे न्यू जर्सीला आले आहे. इथं ऑक्टोबरात लोक दारात भुतं, कवट्या लावतात. शेजाऱ्यांनी खुर्चीत एक सांगाडा बसवून ठेवला होता, मला काही कल्पना नव्हती, मी संध्याकाळी चालायला निघाले आणि तो हलला. बॅटरीवर होता म्हणे. नातू दहा वर्षांचा, त्याने शाळेच्या निबंधात लिहिलं, ‘माय आजी वॉज अगास्ट’. मुलगी म्हणते भारी शब्द वापरलाय. मला मेलीला वाटलं मला काही वाईट म्हटलं की काय. मी नुसती दचकले होते. (एक आजी)

उत्तर : आजी, वाईट काही नाही म्हटलं. उलट ज्या शब्दाच्या पोटात भूत आहे तो शब्द त्याने बरोबर भुतापाशीच वापरला, हे त्याला माहीत असेल नसेल. क्रियापदाच्या नंतर लावलाय, नुसता अगास्ट लिहिलाय, अगास्टेड नाही. लातूरच्या ताईपेक्षा जास्त मार्क.

प्रश्न फक्त एवढाच की तुम्ही दचकलात की थिजलात. दचकणं म्हणजे स्टार्टल्ड, ते क्षणाचं असतं, अंग उडतं, ‘अगं बाई’ निघतं आणि संपतं. अगास्ट व्हायला उभं राहावं लागतं. तेव्हा आठवून बघा, सांगाडा हलल्यावर तुम्ही लगेच मागे फिरलात, की रस्त्यात तशाच उभ्या राहिलात, छातीवर हात ठेवून, आणि नातवाला येऊन तुमचा हात धरून आत न्यावं लागलं? तसं झालं असेल तर निबंध बरोबर आहे, तुम्हीच इथं कमी करून सांगताय.